निळं कडं

माऊसच्या बाणाशेजारी निळं कडं गरगरायला लागलं की माणूस आधी नुसता बघत बसतो. मग उगाच माऊस हलवतो, आत कुणीतरी पेंगतंय आणि त्याला जागं करायचंय अशा थाटात. मग डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक आणि रिफ्रेश. एकदा नाही, तीनदा. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा रंगवली जातात, बस्स. रॅम, म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची जागा, रिकामी होत नाही, प्रोसेसरला दम मिळत नाही. हे पक्कं ठाऊक असलेला माणूसही तीनदाच करतो.

या कड्याच्या जागी पूर्वी वाळूचं घड्याळ असायचं. विंडोज व्हिस्टात ते गेलं. वाळूच्या घड्याळात निदान एक आश्वासन होतं, वरची वाळू कधीतरी संपेल. कड्याला ना आदि ना अंत. ते दुपारभरात चार वेळा दिसलं की पाचव्या वेळी निदान ठरलेलं: व्हायरस शिरलाय.

हा संशय काही हवेतून आलेला नाही. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९८६चा ब्रेन, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, ठाण मांडायचा आणि फ्लॉपी ड्राइव्ह खरोखरच रेंगाळायला लागायचा. आत त्या भावांची नावं, पत्ता आणि फोन नंबर! घरफोडी करून ओट्यावर व्हिजिटिंग कार्ड ठेवून जाणारा असा चोर पुन्हा झाला नाही. दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ला, रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा वर्म, म्हणजे स्वतःहून एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर सुटला. तो काही चोरत नव्हता, काही पुसत नव्हता. नव्या मशीनवर पोचला की आपली प्रत तिथे आधीच आहे का, एवढं विचारायचा. पण कुणी खोटंच ‘हो’ सांगून परतवू नये म्हणून सातातून एकदा, उत्तर काहीही येवो, तो मुक्काम ठोकायचाच. सातातून एक हे प्रमाण फार निघालं. एकेका मशीनवर प्रतींवर प्रती चढल्या आणि मशीनं रांगत रांगत थांबली. त्याच सुमाराचा कॅस्केड व्हायरस तर पडद्यावरची अक्षरं पिकल्या पानांसारखी खाली गाळायचा. नुकसान होत होतं, पण खेळ बघण्यासारखा होता हे कबूल करायला हवं.

‘मंद म्हणजे बाधित’ हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता व्हायरसवाल्यांचा धंदा बदलला तरी ते निघत नाही.

रिफ्रेशवर खर्च होणारी बोटं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपवर ठेवली तर टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, थेट उघडतो. मशीन सुरू झाल्यावर पहिली दहाएक मिनिटं त्याच्याकडे बघू नये, तेव्हा सगळेच धावपळीत असतात. नंतरही सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) आठ टक्के, डिस्क शंभर टक्के असं दिसत असेल तर व्हायरसचा विचार जरा बाजूला ठेवावा. हे शंभर टक्के म्हणजे डिस्क भरली असा अर्थ नव्हे. ती एक क्षणही मोकळी नाही असा. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी लॅपटॉपची हार्डडिस्क एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारायला साधारण पंधरा ते वीस मिलिसेकंद घेते. म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ उड्या, फार फार तर सत्तर. साध्या एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कला, हीच कामं सेकंदाला हजारोंनी जमतात. अपडेट, सर्च इंडेक्सिंग आणि अँटिव्हायरस या तिघांनी एकाच वेळी त्या बिचारीला हाका मारल्या की कडं फिरणारच.

त्यातही गोम आहे. आधी मेमरीचा रकाना बघावा. चार जीबी रॅम, त्यात विंडोजचा संसार, वर ब्राउझरचे वीस टॅब. नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं की रॅममधला ऐवज पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर, जायला-यायला लागतो. मग दमलेली दिसते डिस्क आणि दोष असतो रॅमचा. तिथे अँटिव्हायरस विकत घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टास्क मॅनेजरमधली यादी वाचताना मात्र भलेभले घाबरतात. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या पन्नासावर नोंदी! हाच तो! लगेच एंड टास्क, लगेच निळा पडदा. चोर सोडून संन्याशाला फाशी. विंडोजच्या सेवा याच नावाखाली चालतात आणि पुरेशी रॅम असेल तर विंडोज १० त्या मुद्दाम वेगवेगळ्या ठेवतं, म्हणून गर्दी दिसते. बघायचं ते स्पेलिंग आणि पत्ता. ‘एस-व्ही-सी’चं ‘एस-सी-व्ही’ केलेलं, असा ‘ध’चा ‘मा’ करणारे जुने खेळाडू अजून आहेत. नाव बरोबर असेल तर राइट क्लिक करून फाइलचं ठिकाण उघडावं. ते विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये असायला हवं. टेम्प किंवा ॲपडेटा या फोल्डरांच्या पोटातून निघालं तर नाव कितीही सोज्वळ असो, पाणी मुरतंय.

पुढचं काम ऑटोरन्सचं. सिसइंटर्नल्सचं हे छोटं हत्यार; मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच २००६मध्ये घेतली. मशीन सुरू होताना जे जे आपोआप उठतं, त्याची मुळापर्यंतची यादी ते देतं, शेड्यूल्ड टास्कसकट. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या, व्हायरसटोटलची, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांना दाखवणाऱ्या साइटची, तपासणी चालू करायची. सत्तरेक इंजिनांपैकी एखाददुसऱ्याच अनोळखी इंजिनाने बोट दाखवलं तर बहुधा खोटी हाकाटी. तीस जण ओरडत असतील तर वाद नको. संशयितापुढची बरोबरची खूण आधी नुसती काढावी, नोंद पुसू नये. चुकलं तर परत लावता येते. आणि स्वतःची कागदपत्रं तपासायला म्हणून व्हायरसटोटलवर चढवू नयेत, तिथे चढवलेलं इतरांनाही मिळू शकतं.

मायनर, म्हणजे चोरून क्रिप्टो नाणी पाडणारा, हा एक प्रकार मात्र अजून आवाज करतो, कारण दुसऱ्याच्या विजेवर नाणी पाडायची तर पंखा फिरणारच. त्यातले काही इतके बेरकी की टास्क मॅनेजर उघडला रे उघडला की काम थांबवतात. पंखा शांत, सीपीयू चार टक्के, चेहरा निरागस. खिडकी मिटली की पुन्हा घरघर. वर्गात मास्तर आल्यावर पुस्तकात डोकं घालणाऱ्या पोरांची जातच ही. यावर उपाय, परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये तासाभराची नोंद लावून ठेवायची, सगळ्या खिडक्या मिटून उठून जायचं आणि नंतर आलेख बघायचा. कुणी हात लावत नसताना सीपीयू सत्तर टक्क्यांवर सपाट रेघ ओढत बसला असेल तर शोध लागला.

पंखा ओरडतोय पण वेग नाही, हे मात्र वेगळं दुखणं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसरचा चालू वेग दिसतो. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि कामाच्या भरात ०.८वर अडकलेला, म्हणजे तो तापून स्वतःला आवरतोय. पंख्यामागच्या पट्ट्यांत धुळीची गादी असते. फुंकताना पातं बोटाने धरून ठेवावं, मोकळं गरगरू देऊ नये. काही लॅपटॉप कमी वॉटचा परका चार्जर लावला तरी असेच रुसतात. त्याच पानावर ‘अप टाइम’ असतो. रोज रात्री इमानाने शट डाउन करणाऱ्याला तिथे तेवीस दिवस दिसतात आणि तो चक्रावतो. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो, मरत नाही. खरी आंघोळ रीस्टार्टने होते.

हे करूनही संशय उरला तर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज उठायच्या आधीच झडती होते, पंधराएक मिनिटं लागतात. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. दुसरा आणि तिसरा अँटिव्हायरस एकदम टाकू नये. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि दुष्काळात तेरावा महिना सुरू होतो. त्याहून मोठी चूक म्हणजे मरणपंथाला लागलेल्या हार्डडिस्कवर फुल स्कॅन. तो डिस्कचा कोपरान् कोपरा वाचायला लावतो, आणि तेवढं चालणंच तिला झेपणार नसतं. म्हणून आधी डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो. क्रमांक ५, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, आणि क्रमांक १९७ (तिथे ‘C5’ असा दिसतो), निकाल न लागलेले सेक्टर. हे दोन शून्याच्या वर असतील तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवायची, स्कॅनबिन मागाहून. आकडे तिथे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर, असतात, तेव्हा ‘१०’ दिसलं तर ते सोळा.

उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी ‘तुमच्या मशीनमध्ये ५ व्हायरस!’ म्हणून येणारी पाटी तर बहुतेकदा व्हायरस नसतेच. कुठल्यातरी साइटला कधीतरी ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या नोटिफिकेशनच्या परवानग्यांत जाऊन ती साइट काढली की पाटी गेली. पाटीवरच्या नंबरला फोन केला की मग खरी बाधा सुरू.

आणि खरा आलेला पाहुणा? तो विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवून देणाऱ्या एखाद्या ‘क्रॅक’बरोबर आत येतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणा) उचलतो, गठ्ठा बाहेर पाठवतो आणि बऱ्याचदा स्वतःला पुसूनही जातो. सगळा मामला काही मिनिटांचा. डिस्क शंभरावर जात नाही, पंखा वाढत नाही, निळं कडं दिसत नाही. नंतरचा स्कॅनही स्वच्छ येतो. चोरलेल्या कुकीने मेलमध्ये शिरताना पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. तेव्हा दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून पासवर्ड बदलायचे, प्रत्येक खात्यातून सगळीकडचं लॉगिन बंद करायचं, मेलमध्ये कुणी फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवलाय का ते बघायचं आणि मगच त्या मशीनची विंडोज पुसून नव्याने टाकायची. हे सगळं करायचं ते इतक्या झटपट चालणाऱ्या मशीनसाठी, की त्याच्याबद्दल कुणाची काही तक्रारच नव्हती.