कालकाताचा चकवा

“कलकत्त्याला कशाला जातोयस? तू इटलीला गेलायस ना?” आईने फोनवर विचारलं. कालकाता, आई, कालकाता, असं मी तीनदा सांगितलं. रोमच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर एक खेडं आहे. “तिथे काय आहे?” यावर मात्र मी गप्प बसलो. साठ वर्षांपूर्वी तिथे भुताच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं, असं सांगितलं असतं तर ‘आपल्या परसात भुतं कमी होती का?’ हे ऐकून घ्यावं लागलं असतं.

सिनेमा इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा, ‘ओपेरात्सिओने पाउरा’, १९६६ सालचा. पाउरा म्हणजे भीती. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मित्राच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा प्रिंट धुवट होती आणि इंग्रजी डबिंग हास्यास्पद. सगळे हसत होते, मीही. पण पांढऱ्या झग्यातल्या त्या मुलीने खिडकीच्या काचेला तोंड लावलं तेव्हा खोलीतलं हसू एकदम थांबलं. त्या रात्री आमच्यापैकी कोणी एकटा बाथरूमला गेला नाही.

रोमला भाची शिकायला आहे, येऊन दोनच महिने झालेत. तिच्याकडे राहायचं आणि भुताच्या सिनेमांच्या जागा बघायच्या, असा बेत होता. आदल्या दिवशी तिला कोपेद्देला नेलं. जीनो कोपेद्दे या वास्तुविशारदाने शंभर वर्षांपूर्वी उभारलेली ही वस्ती. कमानीखाली टांगलेलं लोखंडी झुंबर, भिंतींवर राक्षसी चेहरे, चौकात बेडकांचं कारंजं. दारिओ आर्जेन्तो या भयपटांच्या दिग्दर्शकाने १९८० च्या ‘इन्फेर्नो’त हा चौक वापरला. त्या सिनेमातल्या काही चमत्कृती बाव्हाने करून दिल्या होत्या आणि त्याच वर्षी तो गेला. मग प्राती भागातल्या ‘प्रोफोन्दो रोस्सो’ नावाच्या दुकानात गेलो. आर्जेन्तोचंच दुकान, खाली तळघरात मुखवटे आणि कापलेली मुंडकी. भाचीने फोटो काढले, मला कंटाळा आला. काचेमागे ठेवलेलं भूत म्हणजे पिंजऱ्यातला वाघ.

आर्जेन्तोच्या चाहत्यांनी रागावू नये. ‘सुस्पिरिया’ची (१९७७) पहिली दहा-बारा मिनिटं म्हणजे दर्दी माणसाला मेजवानी आहे. विमानतळाचं सरकतं दार, मुसळधार पाऊस, गॉब्लिन बँडचं ते कुजबुजणारं संगीत. रंग इतके भडक यावेत म्हणून तेव्हा बाद होत चाललेली टेक्निकलरची जुनी छपाई मुद्दाम वापरली होती. पण आर्जेन्तो ओरडून घाबरवतो. बाव्हा कानाशी येऊन काहीच बोलत नाही.

शनिवारी सकाळी फ्लामिनिओहून लोकल धरून साक्सा रुब्राला उतरलो आणि तिथून बस. नोव्हेंबर महिना, आभाळ गच्च. वळणा-वळणाचा रस्ता संपता संपता समोर एकदम गाव आलं. त्रेया नदीच्या दरीतून वर आलेला एक सुळका आणि त्याच्या माथ्यावर दाटीवाटीने बसलेली घरं. दगड तुफा, ज्वालामुखीच्या राखेचा. लांबून आपल्या जांभ्याचीच आठवण होते, तसाच सच्छिद्र. कडा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही.

गावात शिरायला एकच वेस. तिच्यातून चढत, वळत वर गेलं की छोटा चौक, एक चर्च आणि तुफा दगडाची सिंहासनासारखी आसनं. सगळं गाव फिरायला वीस मिनिटं लागली. भाची म्हणाली, “मामा, एवढंसंच? सिनेमात तर संपतच नव्हतं.”

एवढंसंच. तिने बोट बरोबर ठेवलं होतं. बाव्हाकडे पैसे नव्हते. चित्रीकरण चालू असतानाच निर्मात्यांची थैली रिकामी झाली, तरी माणसं कामावर येत राहिली. संगीतसुद्धा बरंचसं जुन्या सिनेमांतलं, पुन्हा वापरलेलं. मग त्याने काय केलं? याच बोळांत हिरवे-निळे दिवे लावले, धूर सोडला आणि तोच कोपरा वेगवेगळ्या बाजूंनी दाखवत गावाचा चक्रव्यूह केला. मुळात तो चित्रकार व्हायला निघालेला, वडील मूकपटांच्या काळात ट्रिक फोटोग्राफी करणारे. त्यामुळे प्रकाशाने फसवायची विद्या घरचीच. १९५७ च्या ‘ई वाम्पिरी’त एक देखणी सरदारीण आपल्या डोळ्यांसमोर म्हातारी होते, मध्ये कुठेही काट नाही. चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. लाल दिव्यात त्या दिसत नाहीत, हिरवा दिवा आणला की काळ्या होऊन उमटतात. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे प्रेक्षकाला दिव्याचा रंग कळतच नाही. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा मध्येच सोडून गेला आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या बाव्हाने तो सिनेमा पुरा केला.

गावही त्याला अगदी वेळेवर भेटलं. हा सुळका ढासळणार म्हणून १९३५ साली सरकारने गाव धोकादायक ठरवलं होतं. लोक हळूहळू वरच्या अंगाला नव्या कालकातात राहायला गेले. साठीच्या दशकात इथल्या घरांना कुलपं लागत होती. पुढे चित्रकार, हिप्पी असे लोक आले, त्यांनी ती पडकी घरं घेऊन गाव पुन्हा वसवलं. आज खिडक्यांत कुंड्या आहेत, पायरी-पायरीवर मांजरं आहेत. पण सिनेमातल्या त्या बंद दारांमागे खरंच कोणी नव्हतं, असं मनात आलं की त्या दारांकडे बघायची नजर बदलते.

गावाला स्वतःची एक गूढकथाही आहे, सिनेमाशी संबंध नसलेली. १५२७ साली रोमची लूट झाली तेव्हा एका सैनिकाने एक पवित्र अवशेष पळवला आणि तो या गावात येऊन लपला म्हणतात. अवशेष म्हणजे बाळ येशूच्या सुंतेच्या वेळची त्वचा. गावकरी वर्षानुवर्षं त्याची मिरवणूक काढायचे. १९८३ साली पाद्रीबुवांनी जाहीर केलं की चोरी झाली. अजून पत्ता नाही. हे भाचीला सांगताना मला जरा अवघडल्यासारखं झालं, ती मात्र चौकात खो-खो हसली.

सिनेमाची गोष्ट ऐकाल तर अगदी साधी. गावात एक मेलेली मुलगी दिसते, ती ज्याला दिसते त्याचा मृत्यू स्वतःच्याच हातून होतो. शवविच्छेदनाला आलेल्या डॉक्टरला प्रेताच्या काळजात नाणं सापडतं. चेंडू टप्पे खात येतो. एका दृश्यात कॅमेराच झोपाळ्यावर बसून झुलतो, तेव्हा आपण त्या मुलीच्या डोळ्यांनी बघतोय हे उशिरा लक्षात येतं. मुलीचं काम एका मुलाने केलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यात काहीतरी चुकतंय असं वाटतं ते त्यामुळेच असावं. दोनच वर्षांनी फेलिनी या नामवंत इटालियन दिग्दर्शकाने एका लघुपटात सैतान दाखवला, तोही चेंडू घेतलेल्या मुलीच्या रूपात.

आणि डबिंग, ज्याला आम्ही हसलो ते. तेव्हाच्या इटालियन सिनेमांत सेटवर सहसा आवाज धरत नसत, संवाद नंतर स्टुडिओत बसून चिकटवायचे. ओठ एक बोलतात, आवाज भलतीकडून येतो. विनोदी सिनेमात हा दोष, भुताच्या सिनेमात मात्र माणूस स्वतःच्याच अंगातून जरासा सुटल्यासारखा वाटतो. आजच्या चकाचक भयपटांत नेमकी हीच फट बुजवून टाकलेली असते.

पण सगळ्यावर ताण करणारं दृश्य वेगळंच. डॉक्टर एका खोलीतून पळत जातो, दार उघडतो तर पुन्हा तीच खोली. पुन्हा दार, पुन्हा तीच. पुढे कोणीतरी पळतंय. शेवटी तो त्याला गाठतो, माणूस वळतो, आणि तो स्वतःच असतो. समीक्षक यावर पानंच्या पानं लिहितात. कोकणातल्या माणसाला एक शब्द पुरतो: चकवा. आमची आजी सांगायची, रानात चकवा लागला की कितीही चाला, त्याच झाडाखाली येता. उपाय एकच, अंगातला कपडा उलटा करून घालायचा.

परतीचं वेळापत्रक मी बघून ठेवलं होतं. ‘फेरिआले’ म्हणजे सुट्टीचे दिवस असं मी परस्पर ठरवलं होतं. प्रत्यक्षात तो कामाचा दिवस, आणि शनिवार त्यात मोडतो. मी भलत्याच रकान्यातली बस धरायला निघालो होतो. थांब्यावर अर्धा तास उभे राहिलो तेव्हा एका आजीबाईंनी हातवारे करून पुढची बस दीड तासाने असल्याचं समजावलं. थंडी वाजत होती, म्हणून पुन्हा गावात शिरलो. पावणेपाचलाच अंधार झाला.

दिवसाच्या त्या वीस मिनिटांच्या गावात आम्ही कॉफीचं दुकान शोधत होतो. डावीकडे वळलो, पायऱ्या उतरलो, कमानीखालून गेलो तर निळं दार आणि त्यावर बसलेलं करडं मांजर. परत फिरलो, उजवीकडे गेलो. निळं दार, करडं मांजर. दरीतून धुकं वर येत होतं, पिवळ्या दिव्याखाली आमच्याच सावल्या आमच्यापुढे चालत होत्या. तिसऱ्यांदा मांजराने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मामा,” भाची हळूच म्हणाली, “पणजी काय म्हणायची? कपडा उलटा?”

“चल, वेडी कुठली.”

पुढच्या वळणावर चौक लागला. बस आली, साक्सा रुब्राला लोकल मिळाली. डब्यात पांढऱ्याफटक उजेडात आम्ही समोरासमोर बसलो. तिच्या स्वेटरची शिवण बाहेर होती. मी मफलर सारखा केला, माझ्या स्वेटरच्या गळ्याचं लेबल झाकायला. फ्लामिनिओ येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.