थोबाडीत मारली, आवाज मागाहून आला

आमच्या घरी पायाचा ऑर्गन आहे, वडिलांच्या वेळचा. फोंडा तालुक्यात जत्रेला किंवा वर्धापनदिनाला एखाद्या देवळापुढे संगीत नाटक लागलं की तो टेम्पोत चढायचा आणि त्याच्यामागे मी. चढवायला चार माणसं लागतात. पूर्वी ती मिळायची. आता नट मिळतात, ऑर्गन उचलायला कोणी मिळत नाही. त्यात आमचा पावसाळा. ओल खाऊन खाऊन चवथीपर्यंत दोन-तीन सूर हमखास मुके होतात, आणि एखादा असा चिकटतो की बोट काढलं तरी गातच राहतो. गेल्या वर्षी तालमी सुरू झाल्या तेव्हा मधल्या सप्तकातला पंचमच गेला होता. मीठ नसलेलं माशांचं हुमण.

माझी भाची फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "मामा, लॅपटॉपवर वाजव ना. एबलटन लाइव्ह घे."

हे नाव मी ऐकून होतो. हणजूण-वागातोरला पहाटेपर्यंत जे धडधडतं ते वाजवणाऱ्या पोरांचं काहीतरी, एवढीच माझी समजूत. बर्लिनच्या लोकांनी केलेलं सॉफ्टवेअर, पहिली आवृत्ती २००१ची, आणि करणारे स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीतातले, हे मागाहून कळलं. ते आधी कळलं असतं तर माझी बरीच चिडचिड वाचली असती. त्या संगीतात ठोका आधी, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे बुवा आधी. बुवा आलाप लांबवणार, टाळी पडली तर मुखडा पुन्हा घेणार, एखादं वाक्य विसरले तर सरळ पदालाच हात घालणार, आणि तबलजी व मी मागे मागे. या सॉफ्टवेअरला कोणाच्या मागे जायची सवयच नाही. दोन महिन्यांत मी जे शिकलो ते बहुतेक त्याला गप्प बसवायला शिकलो.

सुरुवात मात्र ठोक्यानं नाही, उशिरानं झाली. घरातला जुना सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, यूएसबीनं लॅपटॉपला जोडला, पट्टी दाबली, आणि आवाज आला तो मागाहून. एक साधी तान घेतली तर बोटं समेवर पोचून मोकळी झाली आणि आवाज अजून वाटेतच. भाचीनं समजावलं की लॅपटॉप आवाज थेंबाथेंबानं सोडत नाही, बादली भरली की ओततो. त्या बादलीला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० थेंब आणि बादली ५१२ची, तर ती भरायला साडेअकरा मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जवळजवळ चार मीटर जातो. म्हणजे ऑर्गन रंगमंचाच्या त्या टोकाला आणि माझी बोटं या टोकाला. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण आम्ही विंडोजचा साधाच ड्रायव्हर लावला होता आणि तो स्वतःचा आणखी बराच उशीर वर घालत होता. शेवटी दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज आत-बाहेर करणारं वेगळं खोकं, घेतला, त्याचा कमी उशिराचा असिओ ड्रायव्हर टाकला आणि बफर १२८वर आणला. तीन मिलिसेकंदांच्या आत. हाव सुटून ६४ केलं तर कढईत मोहरी तडतडावी तशी चरचर सुरू झाली. पुन्हा १२८.

सेशन व्ह्यू मला लगेच कळला. पडद्यावर चौकोनांची जाळी, उभे ट्रॅक आणि आडव्या ओळी. त्या ओळीला ते सीन म्हणतात. नाटकवाल्याला सीन काय शिकवायचा? पहिला अंक पहिला प्रवेश, दुसरा प्रवेश अशी नावं टाकून मोकळा झालो. आम्ही घेतली ती सर्वांत स्वस्त इंट्रो आवृत्ती. तिच्यात सोळाच ट्रॅक मिळतात, पण आमच्या नाटकाला सातसुद्धा लागले नाहीत.

मग ती थोबाडीत.

ऑर्गनबरोबर पार्श्वसंगीतही याच्यावरच घेऊ, अशी टूम निघाली होती. दुसऱ्या अंकात बाप मुलाच्या थोबाडीत मारतो. मारायचं नाटकच, आवाज मी पॅड दाबून द्यायचा. तालमीत बापानं हात उगारला, मुलानं मान फिरवली, गालावर हात नेला, डोळ्यांत पाणी आणून "बाबा, तुम्ही मला..." म्हणाला, आणि तेव्हा फाट्! तालीम बघायला बसलेली पोरं अक्षरशः लोळली. पुन्हा केलं. या वेळी उशीर कमी. तिसऱ्यांदा अगदी वेळेवर. चौथ्यांदा परत फाट् मागाहून. एकदा बरोबर आल्यामुळे सगळा दोष माझ्या बोटावर आला. दिग्दर्शक म्हणाले, "तुमचं लक्ष कुठे असतं?"

लक्ष पॅडवरच होतं. घरी येऊन भाचीबरोबर शोधलं. पडद्याच्या वरच्या पट्टीत 'वन बार' असं लिहिलेलं एक लहानसं खोकं असतं, त्याला ग्लोबल क्वांटायझेशन म्हणतात. सॉफ्टवेअरचा मूळचा वेग मिनिटाला १२० ठोके, चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे बार दोन सेकंदांचा. पॅड कधीही दाबा, पुढचा बार सुरू झाल्याशिवाय आवाज सुटत नाही. थोडक्यात, ती थोबाडीत समेची वाट बघत होती! पार्टीतल्या पोरांना हे वरदान, त्यांचा एकही आवाज तालाबाहेर पडत नाही. आमच्या बापाला राग समेवर येत नाही, त्याला काय करणार. 'वन बार'च्या जागी 'नन' केलं. दुसऱ्या दिवशी फाट् गालावरच.

तंबोऱ्याचं तसंच. भाचीनं रेकॉर्ड केलेला तंबोरा आत टाकला तर तो पाण्याखालून वाजल्यासारखा येऊ लागला. मोठी फाइल दिसली की सॉफ्टवेअर तिचा वेग अंदाजानं ठरवतं आणि १२०शी जुळवायला तिला ताणतं किंवा आवळतं. याला वार्प म्हणतात. तंबोऱ्याला कसला आलाय वेग! वार्पचं बटण बंद केलं आणि जवारी, तारेची ती गुंज, परत आली. मेट्रोनोमही बंद. वरच्या पट्टीतलं एकेक बटण विझत गेलं तसतसं ते माझ्या उपयोगाचं होत गेलं.

खरी मजा आली ऑर्गनचा आवाज आत घेताना. तयार आवाजांत ऑर्गन पुष्कळ होते, पण ते चर्चमधले. ओल्ड गोव्याला शोभतील, संगीत नाटकाला नाही. म्हणून आमच्याच ऑर्गनचे सूर रेकॉर्ड करायचं ठरलं. साडेतीन सप्तकांतली प्रत्येक पट्टी घ्यायची गरज नसते. एक सूर घेऊन आजूबाजूच्या पट्ट्यांवर चढवून-उतरवून वापरता येतो, फक्त फार लांब ओढायचा नाही. एकच सूर सगळीकडे ताणून पाहिला तर वर डास गुणगुणू लागला आणि खाली म्हैस जांभया देऊ लागली. भाचीनं हिशेब केला, दर चौथी पट्टी, एकूण अकरा. आणि चुकू नये म्हणून बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणून त्या अकरा पट्ट्यांवर एकेक टिकली लावली. मुका पंचम तिनं बरोबर टाळला. त्याची जागा शेजारच्या सुरानं भरून काढली.

रेकॉर्डिंग रात्री एकनंतर. पंखा बंद, फ्रीजची पिन काढलेली. मी भाता मारत एकेक सूर दहा सेकंद धरून बसलो, ती हेडफोन लावून हातवारे करत होती. बाहेर पावसानं उघडीप दिली होती, पण रातकिडे थोडेच ऐकतात? खर्जातल्या षड्जामागे त्यातला एक आलाय. आम्ही तो तसाच ठेवला. गंमत म्हणजे सूर शेजारच्या पट्टीवर चढला की तोही चढतो. खालच्या सप्तकात मी षड्जावरून कोमल ऋषभावर गेलो तर मागे रातकिडाही कोमल ऋषभावर. इतका सुरेल साथीदार मला आजवर मिळालेला नाही.

अकरा सूर अकरा सिम्प्लरमध्ये (रेकॉर्ड केलेला सूर पट्ट्यांवर वाजवणारं सॉफ्टवेअरमधलं वाद्य), आणि ते सगळे एका रॅकमध्ये, म्हणजे एकाच मांडणीत, प्रत्येकाला आपापल्या पट्ट्या वाटून दिलेल्या. दहा सेकंदांचा सूर कितीही वेळ धरता यावा म्हणून त्याचा मधला तुकडा फिरत ठेवतात. तुकडा जिथे जोडला जातो तिथे टक् वाजतं. ते टक् काढायला सुराला एक संध्याकाळ, अशा अकरा संध्याकाळी गेल्या. या भागाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं काम आहे, करावं लागतं.

मग जोर. सिंथची पट्टी जोरात मारली की आवाज मोठा येतो, ऑर्गनला बोटाचा जोर कळतच नाही, सगळा जोर पायात. म्हणून बोटाचा जोर एका ठरावीक आकड्यावर बांधून टाकला आणि पायाखाली एक पेडल घेतलं. पेडल शून्य ते १२७ असे आकडे पाठवतं आणि त्यावर आवाज कमी-जास्त होतो. माझा पाय मात्र चाळीस वर्षं भाता मारतोय. तो पेडलवर ठेवल्या ठेवल्या वर-खाली, वर-खाली, आणि आवाज मिरामारच्या लाटेसारखा येतोय आणि जातोय. भाचीनं मॅपिंगमध्ये, म्हणजे पेडलच्या कुठल्या आकड्याला किती आवाज ते ठरवतात तिथे, खालची मर्यादा अशी वर घेतली की पाय पूर्ण उचलला तरी आवाज अर्ध्याच्या खाली जात नाही. पाय हलतो अजून, पण आता त्याची लाट होत नाही, नुसता श्वास होतो. हे मुद्दाम करून आलं नसतं.

नाटक शिरोड्याच्या बाजूला होतं. फोंड्याहून जाताना वाटेत बोरी लागते, हार्मोनियमवादक पं. तुळशीदास बोरकरांचं गाव. मांडीवर लॅपटॉपची बॅग घेऊन तिथून जाताना उगाच चोरटं वाटत होतं.

आणि नांदीलाच माती खाल्ली. बुवांची पट्टी काळी एक, नायिकेची काळी चार. आजवर दोन्ही पट्ट्यांत बोटांनीच वाजवत आलो. पण तालमीत शहाणपणा सुचला होता. ट्रॅकवर 'पिच' नावाची सोय आहे, ती एकानं वर केली की पांढरी एक दाबली तरी काळी एक वाजते. हे मी केलं. त्याआधी कधीतरी सिंथवरचंही ट्रान्सपोज एकानं वर करून विसरलो होतो. तंबोरा काळी एकचा, बुवांनी डोळे मिटून षड्ज लावला आणि माझा ऑर्गन त्याच्या वर अर्धा सूर. बुवांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. तबलजीनं मान खाली घातली. सिंथची दोन बटणं एकदम दाबली की ट्रान्सपोज शून्यावर येतं, हे बोटांना आठवलं म्हणून निभावलं. पहिल्या अंकानंतर विंगेत जाऊन ते पिचही काढून टाकलं. काळी एक काय, काळी चार काय, बोटांना येतं ते पडद्यावर कशाला?

तिसऱ्या अंकात करंट गेला. जत्रेत करंट जाणारच, त्यात नवल नाही. बुवा ऐन पदात होते, थांबले नाहीत. तबलाही चालू. माझा लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर, सगळे दिवे लागलेले, फक्त स्पीकर मेलेले. आवाज होता तो माझ्या हेडफोनमध्ये. जनरेटर सुरू होईपर्यंत मी अंधारात पडद्याच्या उजेडात वाजवत राहिलो, रातकिड्यासकट, आणि ऐकणारा मी एकटाच. बुवांना मंडपात आधार होता तो फक्त तबल्याचा. पायाचा ऑर्गन असता तर त्याला करंट लागला नसता.

परत आल्यावर बुवा म्हणाले, "आवाज आपल्याच ऑर्गनचा होता." मग थोडं थांबून, "पुढच्या वेळी तोही आणूया. असू दे बाजूला." चार माणसं कुठून आणायची ते मात्र बोलले नाहीत.

पंचम दुरुस्त करायला एक माणूस मिळालाय, सावंतवाडीचा. येतो येतो म्हणतोय. टिकल्या अजून पट्ट्यांवर आहेत. बायको रोज विचारते, भाची म्हणते राहू देत, उरलेले सूर घ्यायचेत.