बंबवाल्यांचे बिल्ले

बर्मिंगहॅमला आल्यावर मला कार बूट सेलचा नाद लागला. रविवारी सकाळी लोक मैदानात गाड्या लावतात आणि डिकी उघडून घरातलं जुनंपानं विकायला मांडतात. त्यात बटणं, नाणी, पदकं भरलेला एखादा बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतोच. मी थेट तिकडे वळतो. मला हवे असतात अग्निशमन दलाच्या टोपीवरचे जुने बिल्ले.

बहुतेकांचा साचा एकच: आठ टोकांचा क्रोमचा तारा आणि मधोमध त्या त्या कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचं, बोधचिन्ह, रंगीत मिन्यात. गंमत आहे ती नावांत. दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये सोळाशेच्या आसपास दलं होती, कारण आग विझवणं हे ज्या त्या गावाचं काम. बॉम्ब पडायला लागले आणि शेजारच्या शहरांतून मदत आली, तर काहींचे होजपाइप इथल्या नळांना बसेनात! शेवटी ऑगस्ट १९४१ मध्ये सगळ्यांची मोट बांधून नॅशनल फायर सर्व्हिस झाली. त्यांच्या ताऱ्यात नुसती ‘एनएफएस’ अक्षरं. १ एप्रिल १९४८ ला दलं पुन्हा स्थानिक कौन्सिलांकडे गेली आणि नवे बिल्ले पडले. मग १९७४ च्या कौन्सिलांच्या फेररचनेत त्यातलीही कितीतरी पुसली गेली. आमच्याकडे बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, डडली, वॉलसॉल अशी आठ दलं मिळून एक वेस्ट मिडलंड्स झालं. त्या आठांत वॉर्ली नावाची एक कौन्सिल होती. १९६६ ला जन्मली, १९७४ ला संपली. आठ वर्षांत असे कितीसे बिल्ले घडले असतील?

बिल्ल्यावर मुकुट असेल तर काळ ओळखणं सोपं. मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या फुगीर असतील तर तो राजाच्या काळचा, म्हणजे साधारण १९५२ पर्यंतचा. मधे दबलेल्या असतील तर राणी एलिझाबेथच्या काळचा. आता चार्ल्स महाराजांनी पुन्हा फुगीर मुकुट घेतलाय, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या संग्राहकांच्या डोक्याला ताप होणार.

मी मात्र आधी बिल्ला उलटा करून पाठ बघतो. टोपीत अडकवायच्या दोन कड्या झिजलेल्या, जरा वाकलेल्या हव्यात. कड्या कोऱ्या आणि पुढची नक्षी बोथट असेल तर नंतर पाडलेली नक्कल असण्याचा संशय घ्यावा. युद्धाआधीच्या पितळी बिल्ल्यांची नक्षी गुळगुळीत झालेली असते ती वेगळ्या कारणाने. एनसीसीत आपण बेल्टचं बक्कल ब्रासोने घासायचो ना, तसंच हे लोक वर्षानुवर्षं घासत आले. मला असा घासलेला बिल्ला चकचकीत बिल्ल्यापेक्षा केव्हाही जास्त आवडतो.

अँब्युलन्सचे बिल्ले माझ्याकडे थोडेच आहेत. १९४८ ते १९७४ ही सेवाही कौन्सिलांकडेच होती, मग ती एनएचएसकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडे गेली. सेंट जॉन या प्रथमोपचार करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा बिल्ला मात्र लांबूनही ओळखू येतो: आठ टोकांचा क्रॉस आणि त्याच्या बेचक्यांत चिमुकले सिंह आणि युनिकॉर्न. प्रथमोपचाराच्या सर्टिफिकेटवर हा क्रॉस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

वॉर्लीचा अजून मिळालेला नाही. मिना उडालेला असला तरी चालेल.