गुळाचा चहा आणि दूधवाल्याशी झालेलं भांडण

गेल्या जुलैत घरात साखर बंद झाली. बायकोनं जाहीर केलं, आता गुळाचा चहा. कोल्हापुरात राहून गुळाला नाही कोण म्हणणार? शाहूपुरी पेठच मुळी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात मात्र गुळाचा चहा सलग तीन दिवस फाटला.

पहिल्या दिवशी पातेल्यात दूध, पाणी, पावडर, आलं, गूळ सगळं एकदमच घातलं. उकळी आली तशी कडेला बारीक बारीक पांढरे कण दिसायला लागले. मला वाटलं साय आहे. ढवळलं तर खाली तपकिरी पाणी आणि वर चोथा. गाळणीत जे उरलं त्याचं चमचाभर पनीर झालं असतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात आलेल्या दूधवाल्या मामांना मी धरलं. "मामा, कालचं दूध मिसळताय काय?" म्हशीचं, डोळ्यांदेखत काढलेलं दूध घालणारा माणूस तो. काही बोलला नाही, किटली उचलून जिना उतरला.

त्याच संध्याकाळी कागलहून आत्या आली. तिच्या सासरी गुऱ्हाळ होतं. तिनं पातेल्याकडे बघितलंच नाही, आधी गुळाचा डबा उघडला. झाकण नीट बसत नव्हतं, तळाला पाणी सुटलं होतं. नखावर घेऊन चाखला.

"आंबलाय की रे हा! दुधाला कशाला नावं ठेवतोस?"

पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो, पाझरतो आणि आंबतो. चांगल्या गुळातही साखरेपेक्षा वेगळं बरंच काही असतं, क्षार असतात, थोडी आंबटाई असते. दूध खदखदत असताना ती लागली की फाटलंच. आल्याचंही तसंच: कच्चं आलं दुधात घातलं तर दूध फाटू शकतं, पाण्यात उकळलं की त्याची खोड मोडते.

दुसऱ्या दिवशी आत्या मला गूळ घ्यायला घेऊन गेली. मी गुळाच्या पिवळ्याधमक रव्याकडे, म्हणजे ढेपेकडे, हात केला, तर तिनं माझा हात मागे ओढला. "इतका उजळ गूळ काहिलीतनं आपसूक निघत न्हाई." रसाची मळी भेंडीच्या चिकानं काढतात, ते ठीक, पण रंगासाठी हायड्रोस नावाचं रसायनही घालतात. आम्ही गडद तपकिरी रवा घेतला. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरला.

आता माझी रीत अशी आहे. दोन कपांना सव्वा कप पाणी, त्यात ठेचलेलं आलं, दोन चमचे पावडर, तीनेक मिनिटं दणकून उकळायचं. दूध शेजारच्या गॅसवर वेगळं तापवायचं आणि पाऊण कप घालायचं. म्हशीचं असल्यानं तेवढं पुरतं. एक उकळी आली की गॅस बंद. मग थांबायचं, पृष्ठभाग शांत होईपर्यंत. खिसलेला गूळ दोन चमचे, ढवळायचं, गाळायचं.

आणि परत गॅसवर ठेवायचं नाही. बायकोला उशीर झाला म्हणून मी एकदा तो गरम केला होता, पुन्हा चोथा.

दूधवाल्या मामांची गंमत वेगळीच. त्या भांडणानंतर ते मापावर रोज चार घोट जास्त घालतात. दोष गुळाचा होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.