सैफुल ते लक्ष्मी मार्केट, मांडीवर ज्वारी घेऊन

फाल्गुनात मंगळवेढ्याकडची नवी ज्वारी बाजारात आली की मला घरात बसवत नाही. एक फोन केला तर दुकानदार पोराकरवी दारात पिशवी पाठवतो, हे खरं आहे. पण मालदांडीचा दाणा मुठीत घेऊन, एखादा दाताखाली फोडून बघितल्याशिवाय ज्वारी घ्यायची नाही, हे मला आईनं शिकवलं. आता आई नाही, आणि अकरा वर्षांपासून मी व्हीलचेअरवर आहे. दाणा अजूनही मीच बघते.

साडेनऊला सोलापुरातल्या सैफुलच्या थांब्यावर होते. पहिली बस थांबा सोडून पुढं जाऊन थांबली आणि मी चाकं मारत पोचेपर्यंत निघूनही गेली. दुसरी नीट थांबली. कंडक्टर मामा खाली उतरून म्हणाले, "ताई, उचलून घेऊ का?" मी म्हटलं, "मला नको मामा, खुर्ची तेवढी घ्या. सीटच्या मधला पट्टा वर ओढा, आपोआप मिटते." हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर चांगल्या मनाची माणसं काखेत हात घालून ओढतात आणि खांदा निखळायची वेळ येते.

चढायची माझी एक रीत आहे. खुर्ची दाराला लावून ब्रेक लावायचे, दांडा धरून पायरीवर बसायचं, मग पाठ आत करून हातांवर जोर देत एकेक पायरी वर सरकायचं. पाय शेवटी, हातानं उचलून आत घ्यायचे. अशा बसचा मजला जमिनीपासून तीनएक फूट उंच असतो. लो-फ्लोअर बसचा मजला 400 मिलिमीटर, म्हणजे सव्वा फुटाच्या जरा वर. तिला घडीची फळी लावली की खुर्चीसकट आत जाता येतं. बस आणि थांबे आम्हाला वापरता यावेत, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. त्या दिवशी तीन फुटांच्या पायऱ्या मी ओढणी सावरत, वीसेक माणसांच्या देखत चढले. एका बाईनं न बोलता माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली, सात रस्ता येईपर्यंत.

सात रस्त्याला शेअर रिक्षा. घडी केलेली खुर्ची एका माणसाची जागा खाते, म्हणून मी दोन सीटचे पैसे देते. रिक्षावाल्यानं एकाचेच घेतले. मी दुसरे पुढं केले तरी हात मागं घेतला. मला बरं वाटलं, आणि अवघडल्यासारखंही झालं. पैसे देऊन बसले की वाटेत दोनदा थांबा म्हणायला जीभ मोकळी राहते.

लक्ष्मी मार्केटात शिरताना मी जुने हातमोजे चढवते. मार्चच्या उन्हात चाकाची रिंग तापलेल्या तव्यासारखी होते, आणि मंडईतला ओला पाला पुढच्या लहान चाकांत गुंतला की तो हातानंच काढावा लागतो. तरी मंडई मला दुकानांपेक्षा जवळची आहे. दुकानाच्या काउंटरवर माझी हनुवटीही पोचत नाही. इथं गोणपाटावर बसलेल्या मावश्यांशी मी डोळ्याला डोळा लावून बोलते. "अक्का, पुंडीपल्ल्या ने की, कवळी हाय," एक म्हणाली. आमच्या घरी तिला अंबाडी म्हणतात. तिनं जुडी माझ्या हातात दिली, मी देठ मोडून बघितला, कट्टकन मोडला. चुका, मिरच्या आणि काटेरी देठाची अर्धा किलो वांगीही घेतली. वांगी मी एकेक उचलून, दाबून घेतली. कुणी घाई केली नाही.

ज्वारीचं दुकान तीन पायऱ्यांवर. सहा सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. एकास बाराच्या उतारानं रॅम्प करायचा तर अठरा फूट लांब होतो आणि पार रस्त्यात येतो, म्हणून मी शेठना रॅम्प मागत नाही. त्यांना एवढंच सांगून ठेवलंय की वाणाचे नमुने खाली आणून दाखवा. पहिल्या वेळी त्यांनी माझ्याशेजारी उभ्या अनोळखी माणसाला विचारलं होतं, "बाईंना कोणती द्यायची?" आता मला विचारतात. सुपात तीन प्रकार आले. मोत्यासारखा टपोरा, पिवळसर झाक असलेला दाणा घेतला, पाच किलो. बरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा एक पुडा. कडक भाकरीला वजन नाही आणि ती टिकते, माझ्यासारखीला याहून सोयीचं खाणं नाही.

आता वजनाचं. नव्यानं खुर्चीवर आलेल्यांना कुणी हे सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. जड पिशवी पाठीमागच्या दांड्यांना अडकवू नका. चढावर खुर्ची पुढून उचलते आणि माणूस उताणा पडतो. मी एकदा पडलेय, डोक्याला चार टाके आहेत. जड ते मांडीवर, पोटाला टेकवून आणि ओढणीनं बांधून. पालेभाजी मागं. आणि धान्य सगळ्यात शेवटी घ्यायचं, म्हणजे ते वागवत फिरावं लागत नाही.

परतीला बसची वाट बघितली नाही. पाच किलो घेऊन त्या पायऱ्या चढणं मला जमत नाही. थेट रिक्षा केली. जाताना लागले त्याच्या कितीतरी पट पैसे येताना गेले, आणि दर वेळी जातात.

घरी न जाता कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी उतरले. तिथं उंबरा नाही. रिक्षातून खुर्चीत आले आणि सरळ आत गेले. दळण झाल्यावर गिरणीवाल्या काकांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. मांड्यांना त्याची ऊब कळत नाही. मी मोजे काढले आणि घर येईपर्यंत, थांबत थांबत, तळवे त्या डब्याला लावून घेत गेले.