एक डॉलर, दोन मिनिटं: टोरांटोचा झ्नायमर आणि आपला शिमगा

कॅनडातला टीव्हीवाला मोझेस झ्नायमर, हे नाव कोकणात कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. टोरांटोत मात्र पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, चटकन सांगेल. जन्म १९४२ चा, ताजिकिस्तानातल्या कुलोबचा. हिटलरच्या फौजा आल्या म्हणून पळालेले ज्यू आईबाप, युद्धानंतर जर्मनीतली निर्वासितांची छावणी, १९४८ ला कॅनडा, मग माँट्रियलच्या गरीब वस्तीतलं बालपण. त्याची ओळख करून देताना लोक या कहाणीवरच रेंगाळतात. खरं शिकण्यासारखं आहे ते पुढचं.

कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेत, म्हणजे सीबीसीत असताना देशभरातल्या श्रोत्यांचे फोन थेट घेणारा रेडिओ कार्यक्रम सुरू करणाऱ्यांत तो होता. ती नोकरी सोडल्यावर त्याने तिघांच्या साथीने सिटीटीव्ही काढलं. २८ सप्टेंबर १९७२ ला ते सुरू झालं, तेही ७९ नंबरच्या यूएचएफ चॅनलवर, म्हणजे सहजी कुणी बटण फिरवणार नाही अशा आडबाजूला. मोठ्या चॅनलांशी पैशाने टक्कर देणं शक्यच नव्हतं. मग कॅमेरा रस्त्यावर नेला, कारण रस्त्याचं भाडं पडत नाही. १९८७ ला चॅनल क्वीन स्ट्रीट वेस्टवरच्या २९९ नंबरच्या जुन्या इमारतीत गेलं, तेव्हा नेहमीसारखा बंदिस्त स्टुडिओ ठेवलाच नाही. कॅमेरा आणि माइक जोडायची सोय इमारतभर केली, कुठूनही कार्यक्रम करता यावा म्हणून. भिंत फोडून बाहेर येणारी बातम्यांची गाडी अजून तिथे लटकलेली दिसते.

त्याच कोपऱ्यावर ‘स्पीकर्स कॉर्नर’ नावाची खोकेवजा खोली होती. एक डॉलरचं नाणं टाकायचं, दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर बोलायचं. पैसे धर्मादायाला. निवडक तुकड्यांचा आठवड्याचा कार्यक्रम व्हायचा. कुणी महापौराला झापायचं, कुणी गाणं म्हणायचं. बेअरनेकेड लेडीज हा बँड नवखा असताना त्याच खोक्यात कोंबून गायला होता.

आपल्याकडे अशा खोक्याची गरज टोरांटोपेक्षा जास्त आहे. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. कमावते मुंबईला, गावात म्हातारी माणसं. ती व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ बघतात, पण स्वतः करून टाकत नाहीत.

खोकं गावच्या सुताराकडून होतं. चार बाय चार फूट, सात फूट उंच. बारा मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायच्या आठ बाय चारच्या चार शीट लागतात: तीन बाजूंना तीन, चौथीतली अर्धी छताला, उरलेल्या अर्धीतून रेकॉर्डिंगच्या फोनची फळी. पुढच्या बाजूला दार नको, जाड गोधडी लावा. आतल्या तिन्ही भिंतींनाही गोधड्या, नाहीतर आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजून प्लाय सोडतात. छतावर पत्रा घालू नका, दोन थेंब पडले तरी रेकॉर्डिंग गेलं.

माणूस उभा ठेवला तर प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे फोन हलवत बसावं लागतं. अठरा इंची स्टुलावर बसवा आणि लेन्स जमिनीपासून पावणेचार फुटांवर पक्की करा. कॉलर माइकची वायर उठताना हमखास ओढली जाते, म्हणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चौकटीच्या खाली बसवा. माइक लांब गेला की बाजारातला मासळीचा पुकारा जास्त आणि आजींचा आवाज कमी ऐकू येतो. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर मधेच कुणाचा तरी फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. चार्जिंगला लावून सलग चालवला तर फोन तापून बंद पडतो. दोन फोन आलटून पालटून वापरावेत. पंखा हवाच, पण बोलणं सुरू झालं की बंद. १०८० पीवर मिनिटाला साधारण १३० एमबी धरा, म्हणजे शंभर माणसांचे २६ जीबी. मेमरी कार्ड त्या हिशेबाने घ्या.

यंत्रापेक्षा माणसांमुळे जास्त अडतं. पहिल्या वीस सेकंदांत बहुतेक जण नाव-गाव सांगून गप्प होतात. म्हणून बाहेर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने आत पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: “कोणाक सांगूचा हा?” सरपंचांना की एसटीच्या डेपोला, हे ठरलं की बोलणं आपोआप सुटतं. वाडीतल्या बांधाची भांडणंही येणारच. नाव घेऊन आरोप असलेला तुकडा तसाच लावू नये, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. आणि लेखी संमतीशिवाय काहीच लावू नये.

नाण्याच्या जागी दहा रुपये घ्यावेत, आणि बोललेल्या तक्रारीचा माहिती अधिकाराचा अर्ज करावा. या अर्जाला दहा रुपयांचंच कोर्ट फी स्टॅम्प लागतं, म्हणजे प्रत्येक बोलणाऱ्याने एका अर्जाचा खर्च दिलेला असतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आसपास असावा लागतो. दोन मिनिटांच्या बोलण्यात त्याहून जास्त शब्द होतात, तेव्हा कापाकापी करावीच लागेल.

नुसतं बोलून भागत नाही हे झ्नायमरलाही उमगलं असावं. २००८ पासून तो कार्प या ज्येष्ठांच्या संघटनेची सूत्रं सांभाळू लागला आणि जोडीला त्याच वयाच्या लोकांसाठी मासिक आणि रेडिओ चालवू लागला. धंदा आणि चळवळ एकाच हातात असणं मला तरी खटकतं. पण निवृत्तीच्या खात्यातून दरवर्षी सक्तीने काढायची किमान रक्कम कमी करा ही मागणी कार्पने लावून धरली होती, आणि कॅनडाच्या २०१५ च्या अर्थसंकल्पात वयाच्या ७१ व्या वर्षीचा दर ७.३८ टक्क्यांवरून ५.२८ वर आला. मागणी इतकी नेमकी होती, म्हणून तिचा पाठपुरावा करता आला.

खोकं कधी मांडायचं, तर गणपतीत नको. चाकरमानी असतात, पण पाऊसही असतो आणि घराघरात आरत्या. शिमग्याला मांडा. हवा कोरडी, पालखीमुळे सगळा गाव एका जागी. अर्ज त्याच आठवड्यात टाकला तर तीस दिवसांची मुदत बहुतेक वर्षी १ मेच्या ग्रामसभेआधी संपते. उत्तर आलं तर ते, आणि नाही आलं तर अर्जाची पोच, व्हिडिओसोबत सभेत लावता येते. प्रोजेक्टर शाळेतून मिळतो. फक्त सभा सकाळी असते, तेव्हा खिडक्यांना लावायला काळं कापड घेऊन जा.