केनियाला निघण्याआधी वऱ्हाडात फिरताना

मी नर्स आहे आणि नवरा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. पश्चिम केनियातल्या एका मिशन दवाखान्याने आम्हा दोघांना बोलावलं, तेव्हा पाठवणाऱ्या संस्थेने एकच अट घातली: तिकीट काढायच्या आधी आपल्या मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या लोकांना, आणि घरच्यांना प्रत्यक्ष भेटून या. नेमाने प्रार्थना करणारी माणसं, जमेल तसं अर्पण देणारी घरं आणि मागे राहणाऱ्या आईवडिलांकडे बघणारं कोणीतरी, एवढी सोय झाल्याशिवाय ते कुणालाच पाठवत नाहीत. आमच्याकडे याला डेप्युटेशन म्हणतात. पुढे ज्यांना जायचं आहे त्यांच्या कामी यावं म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, म्हणून शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर. हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर. संस्थेचा विचार होता की आम्ही जुलैतच फिरायला लागावं. आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, ते मोडून काढलं. "जुलैत कोनाच्या घरी जाता? बियान्याची उधारी डोक्यावर असते. दिवाळी होऊ द्या. दिवसा वेचनी असली तरी संध्याकाळी मानूस घरी भेटते." खेड्यातल्या मंडळ्यांकडे जाणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. हंगाम बघूनच जा. उधारीत असलेल्या माणसापुढे गरज मांडली तर तो नाही म्हणत नाही, आणि म्हणूनच त्याच्यापुढे ती मांडू नये.

सुरुवात माहेरापासून केली. आईने सेवेबद्दल, देशाबद्दल काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "माह्या बीपीच्या गोळ्या कोन आनून देईन?" या प्रश्नाला प्रार्थनेत उत्तर शोधत बसू नये, त्याची व्यवस्था लावावी. मंडळीच्या तरुण संघातल्या एका मुलाने दर महिन्याला दर्यापूरहून गोळ्या आणायचं काम अंगावर घेतलं. पाळकीणबाईंनी आईचं जुनं प्रिस्क्रिप्शन वहीत उतरवून घेतलं आणि पुढची तपासणी कधी आहे तेही लिहून ठेवलं.

मामा आमच्या मंडळीतले नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पायी शेगाव. काही जणांनी सुचवलं की त्यांना फोनवरच सांग, उगाच वाद होईल. मी भेटायलाच गेले, कारण वडील गेल्यावर मला शिकवलं ते त्यांनीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोरीच्या शाळेचं विचारलं, तिथे मलेरिया असतो का ते विचारलं. मग म्हणाले, "देवाचं काम म्हनतेस त मी अडवनार नाई. पन तुही माय एकटी पडते, ते मी पाहीन." आठवड्याने एक क्विंटल ज्वारी आईच्या दारात उतरली. माझ्या पाठिंबा देणाऱ्यांच्या यादीत मामांचं नाव वरच आहे.

मग मंडळ्या. मुर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडलेली, त्यामुळे सगळा प्रवास एसटीचा. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, दहा मिनिटं मिळतात, लोक छान ऐकतात, जेवायला थांबवतात आणि पुढच्या रविवारी दुसरा पाहुणा येतो. त्यात वाईट काही नाही. पण खरी ओळख झाली ती जिथे पंधरा-वीस घरं आहेत अशा मंडळ्यांत, घरप्रार्थनेनंतर ओसरीवर बसून.

अंजनगावकडच्या अशाच एका मंडळीत आम्ही नेमके हंगामाच्या सणाला पोचलो. वेदीपुढे शेतातलं अर्पण मांडलेलं: तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, कोहळं, केळ्यांचा घड, पाय बांधलेला एक कोंबडा आणि लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं कापसाचं बोचकं. भक्ती झाल्यावर अंगणात लिलाव. कोहळं दोनशेला गेलं. घेणाऱ्याने ते उचललंच नाही. "पुन्हा लावा," म्हणाला. दुसऱ्याने दीडशेला घेतलं आणि त्यानेही परत टेबलावर ठेवलं. एकच कोहळं असं हातोहात फिरत राहिलं आणि शेवटी मंडळीतल्या एका विधवा बाईच्या पिशवीत गेलं. कापसाचं बोचकं एका म्हातारीचं होतं. दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाते. मालकाने मजुरीसोबत हौसेने दिलेला कापूस तिने साठवला होता. लिलावाचे सगळे पैसे पंचांनी आमच्या प्रवासखर्चासाठी दिले. मला तिथे चार शब्द बोलायला सांगितलं होतं. धड दोनही बोलता आले नाहीत, नवऱ्यानेच प्रार्थना केली.

त्याच म्हातारीने मला विचारलं, "तठी ज्वारी पिकते काय?" पिकते. पश्चिम केनियात ज्वारीही होते आणि कापूसही. ज्वारी तर मुळात आफ्रिकेतलीच, तिथूनच ती आपल्याकडे आली. तिथे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली, खातात, ज्वारीच्या पिठाचाही करतात. हे सांगितलं आणि बायका मोकळ्या झाल्या: पाणी कसं, सरपण काय, बाळंतपण घरी होतं की दवाखान्यात. तोवर मी साक्षीत देशाची माहिती लोकसंख्येपासून सांगायचे. त्यानंतर ज्वारीपासून सांगू लागले.

सगळ्यात कठीण प्रश्न आला यवतमाळला. तिथल्या मंडळ्यांना मिशनचं काम नवं नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक तयार करणारं विद्यालय, 1983 मध्ये पुण्याला गेली, त्याआधी 1953 पासून ती यवतमाळलाच होती, आणि देशभरातून आलेली मुलं तिथल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. एका निवृत्त शिक्षकांनी सरळ विचारलं, "केनियात बहुतेक लोक ख्रिस्तीच आहेत. मग तुमची गरज काय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, सर, आम्हाला तिथल्याच मंडळीने बोलावलं आहे. खेड्यातल्या दवाखान्यात प्रसूती विभागासाठी शिकलेल्या नर्स कमी आहेत, जनरेटर बंद पडला की ऑपरेशन थांबतं. आम्ही तिथल्या मेट्रनच्या आणि पाळकांच्या हाताखाली काम करू, आणि तिथल्या मुली तयार झाल्या की परत येऊ. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "हेच प्रत्येक ठिकाणी आधी सांगत जा." पुढे मी तसंच केलं. अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबा यांना हात ठेवून पाठवलं आणि त्यांनी परत येऊन सगळा हिशेब तिथेच सांगितला, हे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतलं आपण नेहमी वाचतो. पाठवणाऱ्यांना प्रश्न विचारायचा हक्क असतो, तो त्या दिवशी मला नीट कळला.

यात आमचं घराणंही येतं. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात हजारो माणसं मेली आणि मिशनच्या लोकांनी अनाथ पोरं सांभाळली. माझ्या पणजीची आई त्यातली एक. मोठी आई हे सांगताना दर वेळी म्हणते, "त्या मडमेची माय बी तिकडे रडलीच असंन ना व." आपल्याला वाढवणारी बाई कोणाची तरी लेक होती, हा विचार मला आईचा निरोप घेताना फार उपयोगी पडतो.

पैशाचं थोडक्यात. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने आपलं उत्पन्न परदेशात खर्च केलं तर त्यावरची आयकराची सवलत साधारणपणे मिळत नाही, त्यासाठी वरून खास मंजुरी लागते. म्हणून आमचं तिथलं राहणं-खाणं तो दवाखाना बघणार, आणि इथलं अर्पण इथेच खर्च होणार: विमा, तयारी, घरच्या वडीलधाऱ्यांचं औषधपाणी. हे प्रत्येक मंडळीत उघड सांगावं. पावती द्यावी. अर्पण दहा रुपयांचं असलं तरी द्यावी.

कागदपत्रांत लसीचं आधी बघा. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. मिशनरी आणि सेवाभावी कामासाठी केनियाचा 'आय' वर्गाचा परवाना लागतो, त्याचा अर्ज तिथल्या मंडळीनेच केला आहे.

परवाना अजून हातात आलेला नाही. वरुडकडच्या मंडळ्या राहिल्या आहेत. मृग बहाराच्या संत्र्याचा तोडा उरकला की या, असा त्यांचा निरोप आहे, तेव्हा जाणार. आईलाही सोबत नेते आहे, तिची मावसबहीण तिकडे असते.